माळाकडचा झरोका

फार वर्षांपूर्वी पांढरओहोळ गावात सटवाजी नावाचा गवंडी होता. आगापिछा नसलेला, कमी बोलणारा. गावच्या इनामदारीणबाईंनी निराधार म्हाताऱ्यांसाठी घरं बांधायचं ठरवलं आणि काम त्याला दिलं. सटवाजीने एका ओळीत अकरा खोल्या उभ्या केल्या. प्रत्येक खोलीला वेगळं दार, वेगळी चूल, वेगळं धुराडं. कोणाला कोणाचं मिंधं व्हायला नको. मधल्या भिंती त्याने हातभर जाड घेतल्या. तशा भिंती पंचक्रोशीत नव्हत्या, असं म्हणतात.

त्या भिंतींनीच घात केला. दुसऱ्या खोलीतली ठकूआजी चुलीपाशी पडली. दोन दिवस हाका मारत होती. शेजारी काही ऐकू गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दार मोडलं तेव्हा ती जिवंत होती. सटवाजीला जवळ बोलावून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लई बेस बांधलंस, बाबा. मेल्यावर करायची ती समाध आधीच करून ठेवलीस."

सटवाजी सात दिवस जेवला नाही, असं म्हणतात. मग त्याने प्रत्येक मधल्या भिंतीत उशाच्या उंचीवर आरपार झरोका पाडला. पहाटे पहिल्या खोलीने दुसरीला विचारायचं, "हाय का?" दुसरीने "हाय" म्हणायचं आणि तिसरीला विचारायचं. हाक अशी शेवटपर्यंत जायची.

त्या कामानंतर त्याचे हात थरथरू लागले आणि बाईंनी रिकामी झालेली पहिली खोली त्यालाच दिली. रोज तो विचारायचा. त्याला विचारणारं कोणी नव्हतं; त्याच्या पलीकडे नुसता माळ होता. ठकूआजी म्हणायची, तू विचारतोस म्हंजी तू हायसच की.

शेवटी त्याने माळाकडच्या भिंतीतही झरोका पाडला. वाऱ्याशी बोलणार काय, म्हणून लोक हसले. कित्येक दिवस त्यातून नुसती थंडी आली. मग एका पहाटे माळावरून हाक आली, "सटवाजी, हाय का?"

बाहेर माणूस नव्हतं. माळानेच विचारलं, असं म्हणतात. सटवाजी उठून बसला. "हाय," म्हणाला, आणि बराच वेळ त्याला पुढची हाक देता आली नाही. सगळी ओळ त्याच्यासाठी थांबली.

ती हाक रोज येत राहिली. एके दिवशी ती तीनदा आली आणि उत्तर गेलं नाही. त्या दिवशी माळावरचे दगड ओले झाले होते, असं म्हणतात.

आता त्या खोल्यांत कोणी राहत नाही. तरी पहाटे गुरं घेऊन माळावर जाणारं माणूस त्या झरोक्याला तोंड लावून विचारतं, "सटवाजी, हाय का?" उत्तर द्यायला लागेल एवढा वेळ थांबतं, आणि मगच पुढे जातं.