चार भोपळ्यांची वाट

दोष तांडेलाचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावातली म्हातारी माणसं अजून वाऱ्यालाच शिव्या देतात.

फार जुनी गोष्ट. दक्षिणेच्या उबदार दर्यात एक बेट होतं. बेटाभोवती पोवळ्यांचं कडं होतं, पाण्याखाली लपलेलं, करवतीसारखं धारदार. त्या कड्यात एकच खिंड. लाल कडा आणि वाकडा माड एका रेषेत दिसले की होडी आत घालायची, ही खूण तांडेलानं तरुणपणी शोधली होती. त्या एका खुणेवर तो चाळीस पावसाळे गावाचा म्होरक्या होता. पाण्यात शेवटची बुडी कधी मारली, ते मात्र त्यालाही आठवत नव्हतं.

गावात कालवं काढणारी एक मुलगी होती. ती रोज पोवळ्यांत उतरायची. एक दिवस ती तांडेलाच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"तांडेलबाबा, तुमची खिंड बुजत आलीय. दोन्ही बाजूंची पोवळी वाढलीत. उत्तरेला कडं ढासळून नवी वाट झालीय, चांगली रुंद."

"दगड वाढतो होय गं?" तांडेल हसला. ओसरीवरचे म्हातारेही हसले. त्यांना हसायला तेवढंच लागायचं.

"दगड नाही ते, जिवंत आहे. आणि हे बघा." तिनं लाकडाची एक ढलपी पुढे केली. तिच्यावर काळं डांबर होतं. "तुमच्याच होडीची आहे. खिंडीत रुतली होती."

मागच्या महिन्यात होडीचा तळ खरचटला होता खरा. तेव्हा तांडेलानं वल्हेकऱ्याच्या मुस्काटात दिली होती. आता त्यानं ढलपी उलटसुलट करून पाहिली. ही हिच्याकडे आलीच कशी? किनाऱ्यावर होडी ओढलेली असताना हिनंच काढली असणार. हिला गावाचं सुकाणू हवंय.

त्या दिवसापासून तो तिच्या पाळतीवर राहिला. ती कोणाशी बोलते, कोणत्या बाजूनं पाण्यात शिरते, बाहेर येताना हसते का. तिनं नव्या वाटेच्या दोन्ही काठांना चार वाळके भोपळे दोरीनं बांधले, तेही त्यानं माडाआडून पाहिलं. ती बाजूला झाल्यावर स्वतः जाऊन एक बुडी मारावी, एवढं मात्र त्याला सुचलं नाही.

एका सकाळी चार होड्या दर्यात निघाल्या. पहिलीवर तांडेलाचा लेक होता.

"बा, येताना मी भोपळ्यांच्या वाटेनं येणार."

"तुलाही फितवलं तिनं?"

"फितवायचं काय त्यात? एकदा बुडी मारून बघ की तूच."

"मला शिकवतोस? तुझ्या जन्माआधीपासून ही वाट कापतोय मी!"

लेकानं शीड सोडलं.

तांडेल अंगणात बसून धुमसत राहिला. पोरगाही तिच्यात सामील. उद्या सगळं गाव तिच्या मागे जाईल. मग तो उठला, छोटी डोणी घेऊन उत्तरेला गेला आणि चारही भोपळ्यांच्या दोऱ्या कापल्या. भोपळे डोणीत टाकून वर जाळं पसरलं. 'खूण दिसली नाही की येईल मुकाट माझ्या वाटेनं.'

दुपारी वारा फिरला. पोवळ्यांवर लाटा फुटू लागल्या, सगळीकडे फेस झाला. चारही होड्या घाईनं परतल्या. तांडेल किनाऱ्यावरून बघत होता. लेकाची होडी उत्तरेला गेली, घुटमळली, भोपळे शोधत राहिली. मग वळली. लाल कडा आणि वाकडा माड एका रेषेत आले. तांडेलाची मान ताठ झाली.

खूण अगदी बरोबर जुळली होती. होडी खिंडीत शिरली आणि पोवळ्यांनी ती मधोमध फाडली.

तोवर मुलगी पाण्यात होती. ती पोहत उत्तरेच्या काठावर पोचली, रक्ताळल्या पायांनी पोवळ्यावर उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. ते हात बघून मागच्या तिन्ही होड्या नव्या वाटेनं सुखरूप आत आल्या.

"भोपळे कुठे गेले?" लोक विचारू लागले.

"हिनंच काढले!" तांडेल ओरडला. "मी आधीच ओळखलं होतं हिला!"

तेवढ्यात वाऱ्यानं किनाऱ्यावर ओढलेल्या डोणीवरचं जाळं उडालं. चारही भोपळे सगळ्यांनी पाहिले. मुलगी पुन्हा पाण्यात शिरली, खिंडीच्या दिशेनं, शोधायला. संध्याकाळी तिनं जे आणलं, ते तिघांनी मिळून किनाऱ्यावर घेतलं.

लहानांनो, लक्षात ठेवा. मोठ्यांनो, तुम्ही तर घोकून ठेवा: ज्यानं पाण्यात उतरणं सोडलं, त्यानं उतरणाऱ्यावर संशय घेऊ नये.

तांडेलाला तो एकच मुलगा होता.