नसलेली पाटी

फार वर्षांपूर्वी पतसंस्थेच्या फटी-फटीच्या फळ्यांच्या फाटकाला आतून पांढरा फवारा मारताना ईश्वरा पेंटरला बाहेर पत्रा फरशीवर घासल्याचा आवाज आला. वारं असेल, म्हणून तो काम करत राहिला.

तासाभरानं चेअरमन शिदोजीराव फाटकाबाहेर सगळ्यांसमोर गरजले, "माझ्या काळ्या गाडीवर तांदूळ पेरलास व्हय रं? आजपास्नं तुझं काम बंद!"

"आण्णा, 'रंगकाम चालू आहे, गाडी लावू नये' अशी पत्र्याची पाटी हितं ठेवली हुती."

"पाटी नव्हतीच! मी काय आंधळा हाय?"

ईश्वरानं पाहिलं, तर पाटी आता मेंदीच्या कुंपणामागं पालथी पडली होती. साबणाचं पाणी आणि मऊ मातीची वडी घेऊन तो रंगाचे कण हळूहळू काढू लागला. मागच्या दाराशी त्याचा हात थांबला. तिथं एका चौकोनात एकही कण नव्हता.

त्यानं पाटी आणून दारासमोर धरली. चौकोनाला ती बरोबर जुळली.

"आण्णा, तुमचंच खरं. पर नसलेल्या पाटीनं गाडीला टेकून एवढी जागा वाचवली कशी?"

कारकुनांनी तोंडाला रुमाल लावले. ईश्वरा मात्र पुन्हा खाली वाकून दार पुसू लागला.

शिदोजीरावांनी पाटी उचलली, स्वतःच्या हातानं फाटकासमोर नीट उभी केली आणि ते निघून गेले.