सगळ्यात जुन्या देवीची ओटी

“पण आत देवी कोणती, ते तरी सांगा!” कुमुदबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

त्यांच्या लेकीनं, केतकीनं, ते इंग्रजीत सांगितलं. एफीआजी हसल्या. स्कॉटलंडच्या पार टोकाच्या त्या बेटावर दगडांचं, आतून पोकळ असं एक पुरातन टेकाड होतं. त्याच्या दाराची किल्ली चाळीस वर्षं या म्हातारीकडे होती.

“कुणी म्हणतं देऊळ, कुणी म्हणतं समाधी. बांधणारे पाच हजार वर्षांपूर्वी गेले. चिठ्ठी काही ठेवून गेले नाहीत.”

कुमुदबाईंना हसू आलं नाही.

गेल्या वर्षी केतकी या परक्या मुलखात अंथरुणाला खिळली, तेव्हा साताऱ्याच्या देवघरात त्या नवस बोलल्या होत्या. पोर उठू दे, तिथली जी सगळ्यात जुनी देवी असेल तिची ओटी भरीन.

पोर उठली. खण, तांदूळ, हळकुंडं घरून आली. नारळ केतकीनं ग्लासगोत शोधला.

“तीस वर्षं व्रतं केलीत मी. नाव घेतल्याशिवाय ओटी भरत नाहीत. नवस अंगावर राहिला तर पोरीलाच बाधायचा!”

“आई, जरा हळू बोल…”

“देवाधर्माचं मला शिकवू नकोस. सांग त्यांना सगळं.”

केतकीनं आजारपणापासून सगळी हकिगत सांगितली. एफीआजींनी ती शांतपणे ऐकली आणि कुलूप काढलं. दाराची उंची जेमतेम गुडघ्याच्या वर.

“आत जाऊन या. पण तिथं काही ठेवायचं नाही. नियम आहे.”

“अगं बाई! मग ओटी भरू कशी?”

“जा तर खरं,” एफीआजी म्हणाल्या.

कुमुदबाईंनी निऱ्या वर खोचल्या, पिशवी पोटाशी धरली आणि रांगत निघाल्या. तळहातांना गार दगड लागत होता. पुढं उभं राहण्यापुरती जागा होती. मूर्ती नव्हती. दिवा नव्हता. होते ते एकावर एक बसवलेले पातळ दगड, माणसांनी हातानं रचलेले.

त्यांनी भिंतीला तळवा टेकवला…

बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, तेव्हा डोळे वाहत होते.

“काय झालं गं, आई?”

“काही आठवलंच नाही बघ. ना श्लोक, ना स्तोत्र. नुसतं ‘तुझे उपकार गं, तुझे उपकार’, एवढंच तोंडी येत राहिलं.” मग त्या एकदम दचकल्या. “आणि कुणाचे, ते म्हटलंच नाही! चुकलं माझं. ओटीही तशीच राहिली…”

केतकीनं तेही सांगितलं.

कोंबड्यांची अंडी गोळा करताना धरावा तसा एफीआजींनी आपला एप्रन दोन्ही हातांनी पुढं पसरला.

कुमुदबाईंनी तांदळाची ओंजळ भरली. त्या एप्रनवर नेली. आणि तिथंच थांबल्या.

“पण… नाव?”

एफीआजी केतकीकडे बघत हळूच काहीतरी म्हणाल्या. मराठीत सांगायला केतकीला वेळ लागला.

“त्या विचारतायत… पोर वाचली, तेव्हा तुमचं नाव कुणी विचारलं होतं?”