पवळीचं दूध

माळावर कुंपणं नव्हती आणि जनावरं देवाशी सरळ बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एका कळपात पवळी नावाची शेळी होती. तिला करडू एकच झालं, पण देवानं दूध दिलं होतं तिघांना पुरेल एवढं. त्याच आठवड्यात एक मेंढी मेली आणि तिचं कोकरू भुकेनं ओरडत पवळीच्या मागं फिरू लागलं. पवळी त्याला शिंगानं लोटायची. “उन्हाळा तोंडावर आलाय. तुला पाजलं, तर उद्या माझ्या लेकरानं काय प्यायचं?”

करडू पोटभर पिऊन झोपे. उरलेलं दूध कासेत तसंच राही. तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी झाली. पवळीला बसवेना, रवंथही सुचेना. ती नुसत्या येरझारा घालू लागली. करडू जवळ आलं, तर कळ सोसेना म्हणून तिनं त्यालाही लाथ मारली आणि स्वतःच दचकली.

“देवा, तू दिलंस ते मी जपलं,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “मग हे दुखणं का?”

“मी जपायला कुठं दिलं होतं, पवळे? पाजायला दिलं होतं,” देव म्हणाला. “त्या कोकराची आई गेली, तेव्हा मी तुझ्याकडंच पाहिलं.”

पवळी कोकरापाशी गेली. ते भिऊन मागं सरलं, पण भूक मोठी होती. पहिल्या घोटाला पवळी कळवळली, मग हळूहळू हलकी झाली. तरी मनातली धाकधूक जाईना.

सकाळी तिनं भीतभीतच करडाला पाजायला घेतलं. दूध कालच्याइतकंच उतरलं होतं. करडू तृप्त झालं. मग पवळीनं मान वर केली आणि आणखी कुठलं पिल्लू ओरडतंय का, ते ती कान देऊन ऐकू लागली.