राजाला आभाराचं वेड लागलं त्याची गोष्ट

वाचनालयाच्या जोशीणबाईंनी पिच्छा पुरवला म्हणून लिहितोय, नाहीतर मला काय दुसरे उद्योग नाहीत? चार इयत्ता शिकलेल्या माणसाकडून गोष्ट लिहून घ्यायची, आणि वर म्हणायचं, छोटीच लिहा. बरं, छोटीच.

कोंढवळगडच्या भानुरावराजाला आभार मानायचं वेड लागलं. परमुलखातला कुणी वकील दरबारी आला होता, तो पाण्याचा पेला दिला तरी आभार मानायचा. राजाला ते भारी वाटलं. आपल्याकडे कुणी कुणाचे असे तोंडावर आभार मानत नाही. घासातला घास देतो आणि गप्प बसतो. पण राजाला कोण सांगणार?

आभार मानले तर मानले, त्याला उत्तरही मनासारखं हवं. दिवाणानं विडा पुढे केला, राजा म्हणाला, "आभारी आहे." दिवाण म्हणाले, "त्यात काय एवढं, महाराज." राजा भडकला. "माझ्यासाठी केलेलं तुम्हाला क्षुल्लक वाटतं?" हुकूम सुटला, दिवाणांची अर्धी मिशी काढा.

आचारी म्हणाला, "आपलं कामच आहे, सरकार." राजा म्हणाला, "म्हणजे पोटासाठी करतोस, मनात काही नाही." गेली अर्धी मिशी. माहुत म्हणाला, "सगळी आपलीच कृपा." "कृपा माझी, तर मी आभार कुणाचे मानतोय? मला खुळा समजलास?" त्याचीही गेली.

मग दरबारी शहाणे झाले. राजाच्या उपयोगी पडायचंच नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. राजाचा रुमाल पडला की दहा जण छताकडे बघत. एकदा त्याच्या अंगरख्याची बाही खिळ्याला अडकली, तर तो तासभर भिंतीला चिकटून उभा, आणि दरबारी खांबाआड.

चुकवता येईना ते फक्त सटवा न्हाव्याला. दाढी काही लांबून होत नाही. आणि या सगळ्या अर्ध्या मिश्या त्यानंच काढलेल्या. एका सकाळी सटवा वस्तरा पुसत असताना राजा म्हणाला, "सटवा, आभारी आहे." सटवा पुसलेला वस्तराच पुन्हा पुसत बसला.

"मुका झालास? राजाच्या आभाराला उत्तर नाही?" राजा म्हणाला. "काढ अर्धी मिशी. तुझी तूच."

सटवानं वस्तरा खाली ठेवून राजाचे पाय धरले. तेव्हा राजा म्हणाला, "उद्या मी देवदर्शनाहून येईपर्यंत मुदत. बरोबर उत्तर आणलंस तर तू सुटलास, पुढे सगळेच सुटले."

सटवा घरी येऊन उंबऱ्यावरच बसला. परवा लेकीची, मंजुळाची सुपारी फुटायची होती. वरपक्षाची माणसं कडक.

"अर्ध्या मिशीच्या माणसाला व्याही कोण म्हणेल?" तो बायकोला म्हणाला. "पोरीची सोयरीक मोडली समज."

हौसा भाकरी थापत होती. म्हणाली, "मग सगळीच काढा की."

"बाप जिवंत असताना? तो बघ, ओसरीवर बसून कालवण मागतोय. लोक येतील की सांत्वनाला."

हौसानं भाकरी उलटली. "राजा देवळातून कुठल्या वाटेनं येतो?"

"बारवेवरनं."

"मग जेवा आणि झोपा. मी बघते."

दुसऱ्या दिवशी हौसानं बारवेवरच्या बायकांना लवकर घरी पिटाळलं आणि भरली घागर काठावर ठेवून उभी राहिली. राजा आला, मागं दिवाण, तोंडावर उपरणं घेतलेले.

"महाराज, जरा हात लावता का? घागर चढवायची आहे."

दिवाण खेकसले, "ए बाई, कुणाला सांगतेस, कळतं का?"

"तुम्हालाच सांगणार होते, पण तुम्ही नव्या नवरीसारखं तोंड झाकलंय. म्हटलं, लाजत असाल."

राजाला हसू फुटलं. कित्येक दिवसांत त्याला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. बाह्या सारून त्यानं घागर उचलली. निम्मं पाणी स्वतःच्या जरीच्या अंगरख्यावर सांडलं, पण घागर नेमकी तिच्या चुंबळीवर बसवली.

"आभारी आहे, महाराज," हौसा म्हणाली.

"हं, नीट जा. ती तिसरी पायरी शेवाळलीय, पाय सरकेल."

हौसा जागची हलली नाही.

"आता काय?"

"काही नाही. मी सटवा न्हाव्याची बायको. आमच्या माणसाचं उत्तर द्यायला आले होते, ते तुम्हीच दिलंत."

"मी कधी दिलं?"

"आत्ता. मी आभार मानले. तुम्ही माझे आभार तागडीत घालून बसला नाहीत, जड की हलके. माझा पाय सरकेल म्हणालात. आभाराला माणूस असंच बोलतो, महाराज. जेवलास का म्हणतो, ऊन वाढलं म्हणतो, सावकाश जा म्हणतो."

राजानं ओला अंगरखा पिळला. मग अडून बसला. "आणि मी म्हटलं, हे उत्तर चूक आहे, तर?"

"तर चूक तुमची. वस्तरा कमरेला खोचून आणलाय." हौसानं एका हातानं घागर सावरली. "उजवी बाजू काढू की डावी?"

राजाचा हात आधी मिशीवर गेला, आणि मग तो असा हसला की बारवेतली कबुतरं उडाली. दिवाणही उपरण्यात हसले, आणि तेवढ्यात उपरणं सुटलं.

राजानं वेड सोडलं. मंजुळाच्या सुपारीला चांदीचा हंडा आणि बैलजोडी पाठवली, आणि हंडा दिवाणांनी डोक्यावरून नेला. स्वतः राजा सटवाच्या ओसरीवर मांडी घालून बसला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाला, "सटवा, चुकलो मी."

राजाची जीभ झिजली नाही. पण आमच्या आळीतल्या दिनकर तांबटानं माझी शिडी न विचारता नेली, दोन पायऱ्या मोडून आणून ठेवली, त्याला तीन वर्षं झाली. तो अजून चुकलो म्हणायचाय.