छातीवर

“आज अचानक बाळ माझ्या हातात द्यायला का तयार झाले डॉक्टर, भंतेजी?”

संघपाल ढोके विहाराच्या अंगणात शिरता शिरताच विचारत होता. हात जोडायचंही त्याला भान राहिलं नव्हतं.

भंते सुमंगल अंगण झाडत होते. त्यांनी झाडू थांबवला नाही.

संघपाल विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचा. दवाखाने काय लपवतात आणि कसं लपवतात, हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असा त्याचा तोरा होता. तो अगदीच खोटा नव्हता. शाळेत असल्यापासून तो भंतेंकडे ध्यानाला बसायचा. हल्ली मात्र डोळे मिटले की त्याला काचेची पेटीच दिसायची.

त्या पेटीत त्याची मुलगी होती. सातव्या महिन्यातच झालेली, जेमतेम किलोभर वजनाची. नाकात नळी, अंगावर तारा.

“डॉक्टर काय म्हणाले?” भंतेंनी विचारलं.

“शर्ट काढा म्हणाले. खुर्चीत रेलून बसा आणि बाळाला उघड्या छातीवर घ्या. तिला ऊब मिळेल.”

“मग?”

“ऊब द्यायला पेटी आहे ना. इतके दिवस मला काचेला बोट लावू देत नव्हते. आता म्हणतात, जवळ घ्या.” त्याचा आवाज खाली गेला. “त्यांनी हात टेकलेत, भंतेजी. शेवटची भेट घडवून आणताहेत.”

भंते झाडत राहिले.

“परवा एक सिस्टर तिच्या तळपायाला टिचक्या मारत होती. मी काचेतून पाहिलं. जाब विचारला तर म्हणाली, बाळ श्वास घ्यायला विसरतं, आठवण करून द्यावी लागते. श्वास घ्यायला कोणी विसरतं का?”

“तू विसरायचास,” भंते म्हणाले. “श्वास बघ म्हटलं की धरून बसायचास.”

संघपाल हसला नाही.

“उत्पला काय म्हणते?”

“आई ना ती, तिला आधीपासून आत जाऊ देतात. मुलीला छातीशी घेते. बाहेर येते तेव्हा हसत असते.” तो घुटमळला. “मला वाटतं, तिलाही ठाऊक आहे. सगळे मिळून माझ्यापासूनच लपवताहेत.”

भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला. ते त्याच्या समोर येऊन उभे राहिले. काहीतरी सांगतील म्हणून संघपाल वाट पाहत होता.

भंतेंनी हात पुढे केला आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढलं.

मग दुसरं.

मग तिसरं.

“जा,” ते म्हणाले.

…

तो गेला. सिस्टरनं मुलगी त्याच्या छातीवर ठेवली, तेव्हा त्याचं पहिलं लक्ष गेलं तिच्या पायातल्या पट्टीकडे. त्यानं पट्टीवरचं आईचं नाव वाचलं. उत्पलाचंच होतं. तरी पुन्हा वाचलं.

मुलीनं एकदा डोळे उघडले आणि मिटले. तिचा गाल त्याच्या छातीला चिकटला होता. ओल्या पानाइतकंही वजन नव्हतं तिचं.

थोड्या वेळानं यंत्र वाजू लागलं.

संघपालनं सिस्टरकडे पाहिलं. ती शेजारीच उभी होती. “पाठ चोळा तिची,” ती म्हणाली. “हळूच. तुम्हीच चोळा.”

हेही मुद्दाम, त्याला वाटलं. उद्या काही झालं तर म्हणायला मोकळे, बापाच्याच हातात गेली.

पण तोवर त्याचा अंगठा तिच्या पाठीवरून फिरू लागला होता. एकदा. दोनदा. तिनं अंग आवळलं, तोंड वाकडं केलं आणि श्वास घेतला. यंत्र गप्प झालं.

काचेपलीकडे उत्पला उभी होती. ती हसत नव्हती. तोंडावर पदर दाबून रडत होती, आणि हसण्याआड ती आपल्यापासून हीच भीती लपवत होती, हे संघपालला त्या क्षणी कळलं.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. मुलीची नळी निघाली. ती बोंडल्यानं दूध पिऊ लागली. शेवटी पेटीही सुटली.

एका दुपारी तो पुन्हा विहारात आला. या वेळी नीट हात जोडून बसला. पण कपाळावरची आठी तशीच होती.

“डॉक्टर म्हणतात, घरी न्या. आता काळजी नाही.”

“बरं झालं.”

“पण खाटा रिकाम्या करायच्या असतील त्यांना. सिस्टर तर फारच गोड बोलते हल्ली. कोणाच्या शब्दावर ही मुलगी घरी न्यायची, भंतेजी? माणसाची पारख केल्याशिवाय विसंबायचं तरी कसं?”



“तुझ्या छातीवर डोळे मिटण्याआधी,” भंतेंनी विचारलं, “तिनं तुझी चौकशी केली होती?”