दारातली टरफले

जंगलातल्या मोठ्या वणव्याला तीन वर्षे होऊन गेली होती. चौथ्या वर्षाचा वैशाख अर्धा सरला होता, ओढा आटला होता. त्या जंगलाच्या कडेला, आंब्याच्या ढोलीत, एक मानी खार राहत असे. वणव्यात तिच्या जुन्या ढोलीचा कोळसा झाला, तेव्हा माळापलीकडच्या साळिंदरीने तिला पिलांसकट आपल्या बिळात घेतले आणि महिनाभर कंद खाऊ घातले. ते उपकार खारीच्या मनात सलत होते. यंदा साळिंदरीचा पाय सापळ्यात मोडला. ती आणि तिच्यासारखी लंगडी, आंधळी जनावरे माळापलीकडे उपाशी पडली आहेत, असे खारीच्या कानावर आले. खारीजवळ भुईमुगाच्या शेंगांची एकच रास होती, ती साळिंदरीला पोचवावी असे तिला वाटले. पण माळ उघडा, वर ससाणा. तिला तो ओलांडता येईना.

त्या उपाशी जनावरांसाठी दोघे जण धान्य गोळा करीत होते, कोल्हा आणि घूस. खारीला प्रत्येक गोष्ट स्वतः बघण्याची खोड होती. ती आधी घुशीकडे गेली. घूस चिखलाने माखलेली, कोठार रिकामे. मग ती कोल्ह्याकडे गेली. त्याची गुहा शेंगांनी छतापर्यंत भरलेली. कोल्ह्याने तिला मान देऊन बसवले आणि घुशीचे नाव निघताच तो हसला. "खारूताई, जिच्या घरात दाणा नाही ती दुसऱ्याला काय वाटणार?"

खारीला ते पटले. मुलांनो, खारीची जात साठवणारी. जिथे रास मोठी तिथला कारभार चोख, एवढेच तिला ठाऊक. शेंगा आणायला ती ढोलीकडे निघाली. वाटेत माळाच्या कडेला एक टिटवी धुळीत पायाने रेघा ओढत होती. खार थांबली. न विचारता पुढे जाणे तिला जमले नसते.

"टिटवीबाई, ही कसली मोजदाद?"

"कोण किती पोचवतं त्याची. पाच रेघा म्हणजे काम पुरं. कोल्ह्याला एक, घुशीला चार."

"उलटं मोजलंस. कोल्होबाची गुहा मी आत्ता बघून आले. छताला लागली आहे."

"ती रास कोणासाठी जमवली?"

"लंगड्यांसाठी."

"मग ती गुहेत काय करते आहे?"

 टिटवीने सांगितले की ती कोठारे बघतच नाही. ती माळापलीकडे चालत जाते आणि लंगड्यांच्या बिळांपुढे पडलेली टरफले मोजते. कोल्ह्याने एकदाच, पाहुणे आले होते तेव्हा, चार शेंगा वाटल्या. घूस रोज जमिनीखालच्या बोगद्यातून नेते.

खार सहज मानणारी नव्हती. "घूस तुला काय देते?" तिने विचारले.

"मी किडे खाते. तुमच्या शेंगा मला गिळवत नाहीत, आणि किडे मी कोणाकडून घेत नाही."

"मग तिला पाचवी रेघ का नाही?"

"ओढ्याकाठची दोन बिळं तिच्याकडून राहतात. एक पाय मोडलेल्या साळिंदरीचं."

 खार तडक घुशीकडे गेली आणि तोंडावर विचारले. घुशीने आढेवेढे घेतले नाहीत. ओढ्याकाठी कातळ आहे, तिथे बोगदा जात नाही, असे ती म्हणाली. लांबचा वळसा घेऊन, झुडपांच्या आडोशाने नेता येईल, पण त्या दोन बिळांसाठी तीन दिवस जातील आणि वाटेत खायला लागेल.

"वाटेत माझ्या शेंगांतल्याच खा," खार म्हणाली. "पण आधी ओढ्याकाठी जा."

त्याच दिवशी तिने आपली सगळी रास घुशीच्या दारात आणून टाकली. कोल्ह्याने एका माकडाकरवी दोनदा बोलावणे पाठवले. ती गेली नाही.

तीन दिवस खारीने ढोली सोडली नाही. चौथ्या दिवशी सकाळी टिटवी माळावरून चालत आली. ओढ्याकाठच्या दोन्ही बिळांपुढे टरफले पडली आहेत, असे तिने सांगितले. साळिंदर बाहेर येऊन बसली होती आणि खात होती.

खारीचे ऋण फिटले.

तात्पर्य : दान देताना ते गोळा करणाऱ्याचे कोठार पाहू नये. ज्याचा त्यात काही लाभ नाही अशाने मोजून सांगितलेले ऐकावे, आणि त्यालाही प्रश्न विचारावेत.